टर्बो इंजिनाची डायनोवरील चाचणी आणि ट्यूनिंग : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

टर्बो असलेल्या गाडीची ताकद वाढवणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. ईसीयूमधील (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातील) बूस्टचे, म्हणजे टर्बोने हवेला दिलेल्या जादा दाबाचे, लक्ष्य वर नेले की गाडी जोरात पळू लागते. अवघड असते ते वाढवलेल्या ताकदीसह इंजिन वर्षानुवर्षे शाबूत ठेवणे, आणि त्यासाठीच डायनोचा, म्हणजे गाडी एका जागी ठेवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आधार घ्यावा लागतो. पहिल्यांदा डायनोवर जाणाऱ्या बहुतेकांचे सारे लक्ष कमाल अश्वशक्तीच्या आकड्याकडे असते. माझ्या मते डायनोच्या कागदावरील सर्वांत कमी उपयोगाची गोष्ट तीच असते. डायनोवर एकच परिस्थिती हवी तितक्या वेळा जशीच्या तशी निर्माण करता येते, त्यामुळे केलेल्या एका बदलाचा परिणाम इतर कशातही न मिसळता पाहता येतो. डायनोचे खरे मोल यात आहे. पुढील सर्व पायऱ्या ही परिस्थिती कायम राखण्याच्या हेतूने मांडल्या आहेत.

डायनो काय मोजतो

मोटारींसाठी सर्वाधिक वापरला जातो तो रोलरचा डायनो. गाडीची चालती चाके रोलर फिरवतात आणि यंत्र रोलरवरील टॉर्क व फिरण्याचा वेग यांवरून शक्ती काढते. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी, म्हणजे आरपीएमने, गुणून ९,५४९ ने भागले की शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. ५,००० आरपीएमला ३०० न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर शक्ती सुमारे १५७ किलोवॅट, म्हणजे सुमारे २१४ मेट्रिक अश्वशक्ती भरते. शक्तीचा आकडा असा टॉर्कवरूनच निघत असल्यामुळे ट्यूनिंग करताना नजर टॉर्कच्या रेषेवर ठेवावी.

या यंत्राचे दोन मुख्य प्रकार आहेत. इनर्शिया डायनोत ठरावीक वस्तुमानाचा जड रोलर असतो आणि तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून टॉर्क काढला जातो. लोड डायनोत रोलरला ब्रेक जोडलेला असतो, बहुधा एडी करंट पद्धतीचा, आणि त्याच्या साहाय्याने इंजिन एखाद्या आरपीएमवर काही सेकंद धरून ठेवता येते. टर्बो इंजिनासाठी शक्य असेल तिथे लोड डायनोच निवडावा. टर्बो फिरतो तो एक्झॉस्ट वायूंच्या जोरावर, आणि तो जोर इंजिनावर भार असतानाच तयार होतो. हलक्या रोलरवर इंजिन खालचे आरपीएम इतक्या घाईने ओलांडते की टर्बोला वेग घ्यायला अवसरच मिळत नाही. तीच गाडी रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये चढ चढू लागली की त्याच आरपीएमला कितीतरी अधिक बूस्ट तयार होतो, आणि मॅपमधील, म्हणजे आरपीएम व भार यांनुसार ईसीयूने वापरायच्या आकड्यांच्या तक्त्यातील, ज्या चौकटींची चाचणी झालेलीच नसते त्या चौकटींत इंजिन काम करू लागते.

रोलरवर मोजलेली शक्ती चाकांपाशी उरलेली शक्ती असते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांत बरीच शक्ती खर्ची पडते व ती तेलाच्या तापमानाप्रमाणे आणि टायरमधील हवेप्रमाणे बदलते. ठोकळ टक्केवारी मिळवून इंजिनाची शक्ती जाहीर करण्याची पद्धत रूढ असली तरी तिला फारसा आधार नाही. चाकांपाशी मोजलेला आकडा आहे तसाच लिहून ठेवावा आणि त्याची तुलना त्याच डायनोवरील आपल्याच आधीच्या आकड्याशी करावी.

गाडी डायनोवर नेण्याआधी

आजारी इंजिनाचे ट्यूनिंग करता येत नाही. प्रथम कॉम्प्रेशन चाचणी करून सर्व सिलिंडरमधील दाब एकमेकांच्या जवळपास आहेत ना हे पाहावे. त्यानंतर टर्बोपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतचा सारा हवेचा मार्ग बाहेरून दाबाची हवा किंवा धूर भरून तपासावा. एखादा क्लॅम्प सैल असेल तर इंजिन बंद पडत नाही, फक्त टर्बोला तोच बूस्ट देण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते, हवा जास्त तापते आणि हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत मिश्रणही बिघडते. एक्झॉस्टच्या बाजूची गळती याहून फसवी असते. लॅम्डा सेन्सरच्या (एक्झॉस्टमधील ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणाऱ्या सेन्सरच्या) अलीकडे फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण लीन (इंधन कमी) असल्याचे सांगतो आणि ट्यूनर नसलेल्या दोषावर इंधन ओतत राहतो.

इंजिन ऑइल आणि कूलंट तपासावे, ऑइल जुने असेल तर बदलावे. स्पार्क प्लग काढून पाहावेत. बूस्टखाली सिलिंडरमधील वायू दाट असतो आणि दाट वायूतून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते, म्हणून ताकद वाढवलेल्या टर्बो इंजिनात प्लगचे अंतर बरेचदा ०.६ ते ०.७ मिलिमीटरपर्यंत कमी केलेले असते आणि एक पायरी थंड प्रकारचे (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) प्लग निवडले जातात. टायर चांगल्या स्थितीत असावेत, त्यांच्या खाचांत अडकलेले खडे काढून टाकावेत आणि त्यांच्यावर लिहिलेली वेगमर्यादा चाचणीत गाठल्या जाणाऱ्या वेगाहून अधिक असावी. टाकीत तेच इंधन असावे जे गाडीत रोज भरले जाणार आहे. ९८ ऑक्टेनच्या इंधनावर केलेले ट्यूनिंग ९१ ऑक्टेनवर चालवणे इंजिनाला थेट धोक्यात घालते.

गाडी अजून वॉरंटीत असेल, किंवा उत्सर्जनाच्या नियमांत कोणते बदल बसतात याची शंका असेल, तर तो विचारही याच टप्प्यावर करावा.

गाडी बांधणे आणि सुरक्षितता

गाडी पट्ट्यांनी बांधली जाते. पट्टे चेसिसच्या मजबूत भागांना किंवा टो हुकला लावावेत, ब्रेकच्या नळ्या किंवा स्टीअरिंगचे भाग त्यांच्या वाटेत येऊ देऊ नयेत. पट्टे फार ताणले तर टायर रोलरवर अधिक दाबले जातात आणि मोजलेली शक्ती घटते, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या रनमध्ये (चाचणीच्या फेरीत) ताण व टायरमधील हवा सारखीच ठेवावी. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी रोलरवर बाजूला सरकू शकते. तिला आडवे पट्टेही लावावेत आणि स्टीअरिंग सरळ धरून ठेवावे. चारही चाकांनी चालणारी गाडी उत्पादकाने तशी सोय दिल्याखेरीज दोन चाकांच्या डायनोवर चढवू नये. आधुनिक गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा लागतो किंवा त्यांचा खास डायनो मोड चालू करावा लागतो.

चाकांच्या रेषेत, गाडीपुढे किंवा मागे, रन चालू असताना कोणीही उभे राहू नये. एक्झॉस्टचा धूर बाहेर ओढून नेणारी नळी हवीच, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड वास न येता साचतो. अग्निशामक हाताशी असावा आणि कानांना संरक्षण असावे.

पंख्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. बाहेरची हवा २५ अंश सेल्सिअस असताना तिचा दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा सुमारे ११८ अंशांवर पोहोचते. ही उष्णता इंटरकूलरला काढून टाकायची असते आणि रस्त्यावर त्याच्यावर आदळणारा वारा हे काम करतो. डायनोवर तो वारा फक्त पंख्याकडून येतो. पंखा लहान असेल किंवा त्याचा झोत इंटरकूलरवर नेमका पडत नसेल तर प्रत्येक रनला आत येणारी हवा अधिक गरम होते, नॉकिंग (मिश्रणाचे आपोआप पेटणे) वाढते, ईसीयू टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घेतो आणि शक्ती उतरत जाते. मग ट्यूनिंग चुकले की गाडी तापली हे सांगताच येत नाही. इनटेकमधील हवेचे तापमान ठरलेल्या अंकापर्यंत खाली आल्याशिवाय पुढचा रन घेऊ नये, मग त्यासाठी कितीही थांबावे लागले तरी चालेल.

पहिले रन काहीही न बदलता

इंजिन, गिअरबॉक्सचे तेल आणि टायर नेहमीच्या तापमानाला आल्यावर, गुणोत्तर १:१ च्या सर्वांत जवळ असलेला गिअर निवडावा. मॅन्युअल गाडीत हा बहुधा चौथा असतो. खालच्या आरपीएमपासून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून वरच्या मर्यादेपर्यंत रन घ्यावा. एकही सेटिंग न बदलता असे तीन रन घ्यावेत. तिन्ही आलेख एकमेकांवर बसायला हवेत; त्यांच्यातील फरक एक-दोन टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर आधी त्याचे कारण शोधावे. यंत्राचा स्वतःचाच फरक तीन टक्के असताना दोन टक्के वाढ मिळाल्याचा आनंद मानण्यात अर्थ नाही.

याच वेळी डेटालॉग सुरू करावा. आरपीएम, मॅनिफोल्डमधील दाब, लॅम्डा, इग्निशन टायमिंग, नॉकिंगमुळे मागे घेतलेले अंश, इनटेकमधील हवेचे तापमान, इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ, इंधनाचा दाब, थ्रॉटलची (हवेच्या झडपेची) स्थिती आणि वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट वायू सोडणारी झडप) नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडची ड्यूटी (तो चालू असण्याची टक्केवारी) हे सर्व त्यात असावे. टॉर्कवर आधारलेल्या आधुनिक ईसीयूमध्ये थ्रॉटलची नोंद फार महत्त्वाची असते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असूनही थ्रॉटल ७० टक्क्यांवर आला असेल तर ईसीयूने कुठलीतरी टॉर्कमर्यादा लावली आहे, आणि अशा वेळी बूस्टचे लक्ष्य कितीही वाढवले तरी काही मिळणार नाही.

इंधन सर्वांत आधी

ट्यूनिंगचा क्रम इंधन, मग बूस्ट, मग टायमिंग असा ठेवावा. सुरुवातीला बूस्ट फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर ठेवावा, टायमिंग मुद्दाम कमी ठेवावे आणि मिश्रण थोडे रिच (इंधन जास्त) ठेवावे.

मिश्रण मोजण्यासाठी वाइडबँड (मिश्रणाची विस्तृत श्रेणी मोजणारा) लॅम्डा सेन्सर हवा आणि तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे बसवलेला असावा. नोंद लॅम्डामध्ये, म्हणजे हवा-इंधनाचे प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले आदर्श गुणोत्तर या आकड्यात, करावी. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचे आदर्श गुणोत्तर १४.७:१ असते, दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ते सुमारे १४.१ वर येते. लॅम्डा मात्र दोन्ही इंधनांना १ च राहतो. पूर्ण भारावर टर्बो पेट्रोल इंजिन साधारणपणे ०.७८ ते ०.८५ लॅम्डाच्या दरम्यान चालवतात. जादा इंधन बाष्प होताना सिलिंडरमधील उष्णता शोषते आणि एक्झॉस्टचे तापमानही आवाक्यात ठेवते. बूस्ट असताना लॅम्डा ०.९ च्या वर सरकताना दिसला की अॅक्सिलरेटर तत्काळ सोडावा, कारण शोधणे नंतर करता येते.

लोड डायनो असेल तर मॅपमधील एकेक चौकट स्थिर धरून इंधन बरोबर करावे. आधी आयडल, मग हलका भार, मग मध्यम, अशा क्रमाने वर जावे. जास्त बूस्टच्या चौकटी मात्र दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक धरू नयेत. तिथे उष्णता फार वेगाने साचते.

इंजेक्टर पुरे पडतात का, हे हिशेबाने पाहता येते. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होते, म्हणून ६,००० आरपीएमला त्यासाठी २० मिलिसेकंद मिळतात. लॉगमध्ये इंजेक्टर १७ मिलिसेकंद उघडा दिसत असेल तर तो ८५ टक्के ड्यूटीवर पोहोचला आहे. पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात याच्या पुढे जाऊ नये. इंधनाचा दाब बूस्टबरोबर वाढतो का हेही पाहावे. मॅनिफोल्डशी जोडलेला रेग्युलेटर असेल आणि मूळ दाब ३ बार असेल तर १ बार बूस्टला तो ४ बार व्हायला हवा. वरच्या आरपीएमला तो ३.६ वर घसरत असेल तर पंप थकला आहे किंवा त्याला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही. हा दोष मॅपमध्ये आकडे वाढवून झाकणे धोक्याचे आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इंधन आत सोडायला मिळणारा वेळ मुळातच कमी असतो, म्हणून तिथे हाय प्रेशर पंप पूर्ण भारावर रेलमधील दाब टिकवतो का, ही पहिली तपासणी असते.

बूस्ट

वेस्टगेट सोलेनॉइडची ड्यूटी शून्य ठेवून घेतलेल्या रनमध्ये दिसेल तो स्प्रिंगचा बूस्ट. बूस्ट याहून खाली आणता येत नाही. इथून ०.१ ते ०.२ बारच्या पायऱ्यांनी वर जावे आणि प्रत्येक पायरीला इंधन पुन्हा तपासावे. मॅनिफोल्डचा सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, हे ध्यानात ठेवावे: समुद्रसपाटीला ३ बारचा सेन्सर साधारण २ बार बूस्टपर्यंतच पाहू शकतो, त्यापलीकडे ईसीयू आंधळा असतो.

दोन दोष वारंवार भेटतात. टर्बो जागा होताना बूस्ट लक्ष्य ओलांडून क्षणभर उसळतो आणि मग खाली बसतो. त्या आरपीएमच्या आसपासची ड्यूटी कमी केली की ही उसळी आवरते. दुसऱ्या दोषात वरच्या आरपीएमला ड्यूटी शून्य असूनही बूस्ट चढतच राहतो. याचा अर्थ वेस्टगेट एक्झॉस्टचा पुरेसा वायू वळवू शकत नाही. हे दुखणे यांत्रिक आहे आणि मोठ्या वेस्टगेटशिवाय किंवा त्याचा मार्ग सुधारल्याशिवाय जात नाही.

खालच्या आरपीएमला भरमसाट बूस्ट देण्याचा मोह टाळावा. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जड भार एकत्र आले की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. एकच तसा स्फोट पिस्टनच्या रिंगांमधील भाग तोडू शकतो. हे टाळण्यासाठी एपीआय एसपी दर्जाचे इंजिन ऑइल वापरणे उपयोगी पडते.

इग्निशन टायमिंग आणि नॉकिंग

सर्वाधिक संयम लागतो तो इथे. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या काही अंश आधी पडते. ती जितकी योग्य वेळी पडेल तितका सिलिंडरमधील कमाल दाब पिस्टन खाली निघाल्यावर, सुमारे १४ ते १६ अंशांवर, येतो आणि टॉर्क सर्वाधिक मिळतो. हलक्या भाराच्या चौकटीत लोड डायनोवर हे डोळ्यांनी पाहता येते: एकेक अंश वाढवत गेले की टॉर्क वाढतो, मग वाढ मंदावते, मग थांबते. जिथे वाढ थांबते त्याच्या एक-दोन अंश अलीकडे थांबावे. पुढचे अंश काहीच देत नाहीत, फक्त बेअरिंगवरील भार वाढवतात.

जड भारावर मात्र हे शिखर गाठण्याआधीच नॉकिंग सुरू होते. ज्योत पोहोचण्यापूर्वी कोपऱ्यातील उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटते आणि सिलिंडरभर दाबाच्या लहरी उठतात. ८६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्यांची वारंवारता साडेसहा किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि ब्लॉकवर बसवलेला पिझोइलेक्ट्रिक सेन्सर ती टिपतो. अनुभवी ट्यूनर याच्या जोडीला ब्लॉकवर वेगळा सेन्सर बसवून हेडफोनने ऐकतात, आणि नवशिक्याने ही सवय पहिल्यापासून लावून घ्यावी, कारण सैल हीटशील्डचा खडखडाट आणि खरे नॉकिंग यांतला फरक ईसीयूपेक्षा सरावलेल्या कानाला बरेचदा लवकर कळतो.

नॉकिंगचे दुखणे टर्बोइतकेच जुने आहे. १९६२ च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये १०.२५:१ इतक्या चढ्या कॉम्प्रेशनवर टर्बो बसवला होता आणि नॉकिंग रोखण्यासाठी इंजिनात पाणी व मिथेनॉलचे मिश्रण सोडावे लागे. ते संपले की बूस्टवर मर्यादा येई. पाणी-मिथेनॉलची हीच युक्ती आजही वापरली जाते.

एक लॉग जवळून पाहू. समजा, बूस्ट १ बार आहे आणि ३,८०० आरपीएमला टॉर्क शिखरावर आहे. त्या ओळीत लॅम्डा ०.८०, इनटेकची हवा ४८ अंश, ठरवलेले टायमिंग १२ अंश, आणि तिसऱ्या सिलिंडरला २ अंश मागे घेतलेले दिसतात. बाकी सिलिंडर शांत आहेत. हे एकाच रनमध्ये दिसले तर निष्कर्ष काढू नये. हवा थंड होऊ देऊन रन पुन्हा घ्यावा. पुन्हा तोच सिलिंडर त्याच जागी दिसला तर ३,६०० ते ४,००० च्या चौकटींतील टायमिंग दीड-दोन अंशांनी कमी करावे आणि तिसरा प्लग काढून पाहावा. पांढऱ्या पोर्सिलेनवर काळे किंवा चमकदार ठिपके असतील तर नॉकिंग खरे आहे. तो एकच सिलिंडर सतत पुढे येत असेल तर त्याचा इंजेक्टर कमी इंधन देतो का, किंवा त्याच्याभोवती कूलंट नीट फिरते का, हे तपासावे. लॉगमधील एका ओळीचा असा पाठपुरावा करणे हेच ट्यूनिंगचे बहुतांश काम आहे.

टायमिंग वाढवताना एका वेळी एकच अंश वाढवावा. एका अंशाने टॉर्क जाणवण्याइतका वाढला नाही तर तो अंश परत घ्यावा. बूस्ट आणि टायमिंग एकाच रनमध्ये कधीही बदलू नयेत.

आलेख वाचताना

आलेखाच्या कोपऱ्यात हवेच्या तापमान व दाबानुसार आकड्यांत केलेल्या दुरुस्तीचे मानक लिहिलेले असते. एसएई जे१३४९ मध्ये २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल दाबाची कोरडी हवा धरतात, डीआयएन ७००२० मध्ये २० अंश आणि १,०१३ मिलिबार. त्यामुळे एकाच रनचे आकडे दोन मानकांत वेगळे येतात. ही दुरुस्ती मुळात टर्बो नसलेल्या इंजिनांना नीट लागू पडते. टर्बो गाडीचा ईसीयू बूस्ट नियंत्रित करून हवेच्या दाबातील उणीव बरीचशी स्वतःच भरून काढतो, आणि त्यावर पुन्हा दुरुस्ती लावली की आकडा फुगतो. म्हणून दुरुस्ती न केलेला आलेखही मागून घ्यावा. स्मूदिंग (आलेखाची रेषा गुळगुळीत करणे) कमीत कमी ठेवायला सांगावे, कारण टॉर्कच्या रेषेतील बारीक खाच ठिणगी चुकल्याची किंवा टायमिंग मागे घेतल्याची खूण असू शकते आणि जास्त स्मूदिंगने ती पुसली जाते. दोन आलेखांची तुलना करताना रनचा कालावधीही सारखा असावा. रन जितका सावकाश तितका बूस्ट लवकर चढलेला दिसतो.

डायनोवरून उतरल्यानंतर

मॅप पक्का झाल्यावर संरक्षणाच्या मर्यादा भराव्यात: बूस्ट लक्ष्यापेक्षा ०.२ बार वर गेला, लॅम्डा लीन झाला, ऑइलचा दाब पडला किंवा कूलंट तापले तर ईसीयूने शक्ती आपोआप कमी करावी. या मर्यादा खरोखर काम करतात का, ते मर्यादा मुद्दाम खाली आणून एकदा डायनोवरच पडताळून घ्यावे.

त्यानंतर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर किंवा ट्रॅकवर सोबत लॉग करणारी व्यक्ती घेऊन त्याच गोष्टी पुन्हा नोंदवाव्यात. डायनोवर क्वचितच येणाऱ्या चौकटी, म्हणजे वरच्या गिअरमधील चढ, अॅक्सिलरेटर अर्धा दाबून केलेला वेग, गिअर बदलल्यावर पुन्हा चढणारा बूस्ट, इथे तपासता येतात. मूळ मॅप, अंतिम मॅप, सर्व लॉग, वापरलेले इंधन, प्लगचा प्रकार व अंतर आणि त्या दिवशीचे हवामान यांची नोंद एकत्र ठेवावी. पुढे इंजेक्टर, टर्बो, इनटेक किंवा एक्झॉस्ट यांपैकी काहीही बदलले, किंवा वेगळ्या ऑक्टेनचे इंधन भरावे लागले, तर बूस्ट पुन्हा स्प्रिंगवर आणावा आणि इंधनाच्या पायरीपासून सुरुवात करावी.